‘ट्रॅव्हलर’ला मराठीत काय म्हणावं?

नदीकाठ: आयर्लंडवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात ‘आयरिश ट्रॅव्हलर’ वारंवार येतात. ‘आयरिश प्रवासी’ लिहिलं तर नवरा म्हणाला, “कुठल्या टूरबरोबर गेलेत?” ‘जिप्सी’ चालेल का? मूळचे आपल्याकडचेच ना ते?

बोरूबहाद्दर: ही गल्लत फार होते. भारतातून गेलेले ते रोमा. त्यांच्या बोलीत पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाक’ म्हणतात, भावाला ‘फ्राल’. इंग्रजीतला ‘पॅल’ म्हणजे दोस्त, तो या फ्रालचाच वंशज. युरोपीयांना वाटलं हे लोक इजिप्तहून आले, म्हणून ‘जिप्सी’. शब्दाचा पत्ताच चुकलेला!

आयरिश ट्रॅव्हलर मात्र आयर्लंडचेच. १८४०च्या दशकातल्या दुष्काळात जमिनी गेल्या आणि ही माणसं रस्त्यावर आली, असं बरेच जण समजत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं, की पूर्वज आयरिशच, पण फारकत त्या दुष्काळाच्या बरीच आधीची.

नदीकाठ: पूर्वज तेच, तर मग वेगळे कशावरून?

लिफीकाठचा: डब्लिनला राहतो, म्हणून बोलतो. वेगळेपण रक्तात नाही; रीतिभाती, नातीगोती आणि बोली यांत आहे. त्यांची बोली गॅमन किंवा कँट. तिची एक गंमत म्हणजे काही आयरिश शब्द चक्क उलटे केलेत. दार म्हणजे ‘डोरस’, त्याचं ‘रोडस’. मुलगा म्हणजे ‘मॅक’, त्याचं ‘कॅम’. शाळेत आपण ‘च’ची भाषा बोलायचो, कारण मास्तरांना कळू नये. इथे मास्तरांच्या जागी सगळा गाव.

ब्रिटनमध्ये २००० साली कोर्टाने त्यांना वेगळा वांशिक गट मानलं. खुद्द आयर्लंडला १ मार्च २०१७ उजाडावा लागला. पंतप्रधान एंडा केनींनी तेव्हा संसदेत जाहीर केलं.

आणि ‘टिंकर’ कुठे दिसलाच तर जपून. मूळ अर्थ आपल्या कल्हईवाल्याच्या जवळचा, पत्र्याची भांडी करणारा-सांधणारा. आता ती शिवी आहे. ‘नॅकर’ त्याहून वाईट. तो म्हातारे घोडे कापायला नेणारा. ऑफिसात चांगली शिकलेली माणसं चहा पिता पिता हा शब्द वापरतात आणि कुणी दचकत नाही.

बोरूबहाद्दर: आपण तरी ‘घिसाडघाई’ म्हणताना घिसाडी समाजाचा विचार कुठे करतो?

नदीकाठ: खरंय. मग ‘भटके’ लिहू?

बोरूबहाद्दर: नको. एक तर आज त्यांच्यातले बहुतेक घरांत राहतात. दुसरं, ‘भटके-विमुक्त’ म्हटलं की आपल्या वाचकाला १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा, १९५२ची मुक्तता आणि आरक्षण आठवणार. तो इतिहास आपला आहे, तो त्यांच्या गळ्यात कशाला?

लिफीकाठचा: ते स्वतःला ‘मिंकेर’ किंवा ‘पॅव्ही’ही म्हणवतात. आयरिश भाषेत ‘लुख्त शूल’, चालणारी माणसं. माझं मत: ‘ट्रॅव्हलर’च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात समजावा.

नदीकाठ: ठेवते. पण ते बाकीच्यांना ‘सेटल्ड’ म्हणतात, त्याचं काय करू? आपल्याकडे ‘मुलगा वेल सेटल्ड’ म्हणजे स्थळ चांगलं!

बोरूबहाद्दर: ‘घरवाले’?

नदीकाठ: घरवाला शेजारी बसलाय, तो हसतोय. ‘स्थायिक’ लिहिते.