स्काऊट-गाईडचं पथक सांभाळणाऱ्यांनो, तुमचं ऐकायचंय (अनुभव धागा)

धागाकर्ती

स्काऊट-गाईडचा विषय निघाला की लोक आपल्या लहानपणच्या शेकोटीत रमतात. मला पलीकडच्या बाजूचं ऐकायचंय. शेकोटीची लाकडं कोणी आणली, रात्री दोनला पोट दुखणाऱ्या पोराला ओवा कोणी दिला, पालकांच्या सह्या कोणी गोळा केल्या? स्काऊटच्या वेगवेगळ्या संघटना ७ नोव्हेंबर १९५० ला एक होऊन भारत स्काऊट्स अँड गाईड्स झाली, गाईडची म्हणजे मुलींची संघटना १९५१ मध्ये तिला येऊन मिळाली. तेव्हापासून हा डोलारा मुख्यतः शाळेच्या वेळेबाहेर राबणाऱ्या मंडळींनी उचललाय. शाळेतलं पथक, शाळेबाहेरचं मुक्त पथक, रेल्वेचं, परदेशातलं, कुठलंही चालेल. मुलांना काय करू देता आणि स्वतः काय करता, हे जरूर लिहा. माझी लेक यंदा गाईडमध्ये जाणार म्हणून थोडा स्वार्थही आहे.

खडूवाले सर

माण तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत स्काऊटमास्तर आहे. हे काम मी मागून घेतलेलं नाही. शाळेत सगळ्यात नवा कोण, तर हा. मग स्काऊट याच्याकडे. बहुतेक ठिकाणी नेमणूक अशीच होते, उगाच ध्येयबिय सांगत नाही.

पण पथक सांभाळणाऱ्यांसाठीच्या बेसिक कोर्सला आठवडाभर राहिलो आणि मत बदललं. तिथे आम्हा मोठ्यांनाच संघांत वाटून टाकतात. गणिताचे पन्नाशी उलटलेले एक गुरुजी भांडी घासायच्या पाळीवरून संघनायकाशी हमरीतुमरीवर आले होते, आणि तो संघनायक त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान! सहा ते आठ जणांचा संघ, त्यांचा एक नायक, कामाची वाटणी त्यांची त्यांनी करायची, हे पुस्तकात वाचून समजत नाही. खरकटी भांडी समोर पडली की बरोब्बर समजतं.

शाळेत येऊन बोलाईन, म्हणजे न सरकणाऱ्या फासाची गाठ, शिकवायला उभा राहिलो. मागून आवाज आला, "सर, ही तर आमच्या म्हशीची गाठ." खरंच होतं. जनावराच्या गळ्यात सरकता फास टाकला की ओढ बसल्यावर तो आवळतो, म्हणून दाव्याला न सरकणारी गाठ हवी. पोराने डोळे मिटून, एका हाताने मारून दाखवली. माझी तोवर तक्त्यात बघून होत होती. पुढचे सगळे गाठींचे तास त्यालाच दिले. वर्गात वाचायला उभं केलं की घाम फुटणारा मुलगा तो, आज संघनायक आहे.

अडचण वेळेची. वेळापत्रकात आठवड्याला एक तास. झेंडा, प्रार्थना आणि हजेरीतच तो संपतो. आता शनिवारी सकाळची शाळा सुटली की थांबतो. ज्यांना गुरं सोडायची असतात ते जातात, त्यांना अडवत नाही.

तंबूवाली

गाईड कॅप्टन, गडहिंग्लजकडची. मुक्कामी शिबिराबद्दलच लिहिते, कारण मुलींच्या बाबतीत घोडं तिथेच अडतं.

वडिलांना चिठ्ठी पाठवून काही होत नाही. घरी जावं लागतं, आणि गाठायचं ते आजीला. आईचा जीव होकाराकडे असतो, पण तिचा शब्द शेवटचा नसतो. आजीचे प्रश्न ठरलेले: झोपणार कुठे, संडास कुठे, रात्री उठावं लागलं तर सोबत कोण, आणि पाळी आली तर. चारही रास्त आहेत. "काळजी करू नका" म्हणून उठून आलात तर मुलगी येत नाही. मी कागदावर आराखडा काढून नेते: ही खोली, हा संडास, इथे दिवा, इथे मी झोपणार. पॅडचं पाकीट प्रत्येक संघाच्या पेटीत प्रथमोपचाराच्या सामानाशेजारी असतं, मागायची वेळ येत नाही. पहिला मुक्काम शाळेच्याच वर्गखोल्यांत घेतला. तंबू नंतर.

बिनभांड्यांचा स्वयंपाक हा मुलींचा सगळ्यात लाडका तास. मोठ्या कांद्याचं डोकं उडवून आतला गाभा काढायचा, वाटीत अंडं फोडायचं आणि निखाऱ्यांच्या कडेला बसवायचं. कणीक काठीला दोरीसारखी गुंडाळून फिरवत भाजायची. काठी ओली, सोललेली आणि बिनविषारी झाडाची हवी. कुठली चालत नाही हे मुली तुमच्याआधी सांगतील. एकदा एका संघाने वांगी निखाऱ्यात ठेवली आणि चप्पल ठेवायची घोडी बांधायला निघून गेल्या. आल्या तेव्हा वांग्यांचा कोळसा. त्या रात्री त्यांनी शेजारच्या संघाशी चटणीच्या बदल्यात भाकरीचा सौदा केला, आणि तो घासाघीस करून! मी लांब बसून बघत होते, जीभ चावत. मदतीला धावणं सोपं असतं हो, बसून राहायला फार जोर लागतो.

भेटीच्या दिवशी एक आई आली, पदर खोचला आणि थेट पीठ मळायला बसली. तिची लेक म्हणाली, "आई, पाहुण्यांनी तिकडे बसायचं." दिवसभर ती बाई दिसेल त्याला हे हसत सांगत होती.

कागदोपत्री

सगळं गोड चाललंय म्हणून थोडं कडू.

ठाण्यातल्या एका शाळेत पालक स्वयंसेवक होतो. नाव सांगणार नाही. पथक फक्त १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि मंत्री आले की दिसायचं. बाकी वर्षभर नोंदवह्या. दैनंदिन सत्कृत्याची वही एका रात्रीत, तीन रंगांची पेनं वापरून भरलेली मी पाहिली आहे. राज्य पुरस्काराच्या प्रमाणपत्रावर राज्यपालांची सही असते आणि दहावीला वाढीव गुण मिळतात, हे कळल्यावर नववीत अचानक सेवाभाव उफाळतो.

आणि ती 'खरी कमाई'. मुलांनी स्वतः काम करून चार पैसे मिळवावेत हा मूळ उद्देश. आमच्याकडे काय, तर आयांनी पहाटे उठून वडे तळायचे, बाबांनी गाडीतून पातेली आणायची, मुलांनी गणवेशात उभं राहून पैसे घ्यायचे आणि शिक्षकांनीच विकत घ्यायचे. कमाई कोणाची? मी विचारलं, तर पुढच्या बैठकीचं बोलावणं आलं नाही.

खडूवाले सर

@कागदोपत्री, वह्यांचं खरं आहे. पण गुणांसाठी आलेली पोरं वाईट आणि सेवेसाठी आलेली चांगली असं मला दिसलेलं नाही. आलेला कशासाठी आला हे विचारत बसलो तर पथक उभंच राहणार नाही. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय अशा पायऱ्या चढत राज्य पुरस्कारापर्यंत यायला काही वर्षं जातात. तेवढ्यात काहींना चटक लागते.

खरी कमाईचं मात्र आम्ही बदललं. संघाला भांडवल द्यायचं, बाजारात त्यांनीच जायचं, हिशेब फळ्यावर मांडायचा. एका संघाने चुरमुऱ्यात पैसे घातले आणि चिंच आणायला विसरला. बिनचटणीची भेळ अर्ध्या किमतीत विकली, तोटाही फळ्यावर लिहिला.

एडिसनचा बाबा

न्यू जर्सीतून लिहितोय. वड्यांचं वाचून हसू आवरेना, कारण आमच्याकडे त्याला पाइनवुड डर्बी म्हणतात. कब स्काऊटला, म्हणजे लहान गटातल्या मुलाला, पाइनच्या लाकडाचा ठोकळा, प्लॅस्टिकची चार चाकं आणि आस म्हणून खिळे मिळतात. त्यातून मुलाने छोटी गाडी बनवायची, वजन ५ औंसांच्या आत. शर्यतीच्या दिवशी बघावं तर निम्म्या गाड्यांवर इंजिनियर बापांच्या रात्रीच्या जागरणाची झिलई. आमच्या गटात आता ठोकळे एकत्र बसूनच कापायचे असा नियम आहे. करवत मोठ्यांच्या हातात, कानस आणि रंग मुलांच्या. गाड्या ओबडधोबड दिसतात आणि दोन-तीन शेवटपर्यंत पोचतही नाहीत. चालतं.

माझी मुलगीही त्याच संस्थेत आहे. कबमध्ये मुलींना २०१८ पासून, तर मोठ्या गटात २०१९ पासून प्रवेश मिळाला. २०२५ मध्ये संस्थेचं नावही बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिकाचं स्काऊटिंग अमेरिका झालं. हिंदू मुलांसाठी धर्म नावाचं एक पदक आहे, त्याच्या तयारीला इथल्या आज्या जुंपतात. तेवढ्या निमित्ताने मुलं आजीशी मराठीत बोलतात.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगायची आहे. इथे एकटा मोठा माणूस एकट्या मुलासोबत कधीच राहू शकत नाही. प्रत्येक कार्यक्रमाला नोंदणीकृत दोन मोठे हवेतच, आणि मुलांच्या सुरक्षेचं प्रशिक्षण आधी घ्यावं लागतं. सुरुवातीला ही कटकट वाटते. पण या संस्थेने २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तो लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांमुळे, आणि पुढे ८२ हजारांहून जास्त दावे दाखल झाले. त्यानंतर कटकट हा शब्द तोंडातून निघत नाही. आपल्याकडे शिबिरात याबाबत काय पाळलं जातं, कोणी सांगेल का?

तंबूवाली

@एडिसनचा बाबा, मी माझ्यापुरतं सांगते. दोन बायका असल्याशिवाय मी मुक्काम घेतच नाही. एक आजारी पडली तर शिबीर पुढे ढकलते. मुलगी काही सांगायला आली तर पटांगणात, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी बसायचं. हे आजीलाही आधीच सांगते. अशा गोष्टी उघड बोलल्या की घरचे बिचकतील असं वाटत होतं, उलट मुली जास्त यायला लागल्या.

जंक्शन

मुक्काम पोस्ट भुसावळ. आमचं रेल्वेचं पथक. बऱ्याच जणांना माहीत नसेल, संघटनेत रेल्वेचे झोन स्वतंत्र राज्यासारखे धरतात, म्हणजे मध्य रेल्वे हे आमचं 'राज्य'. रेल्वे कॉलनीतली पोरं आणि रोव्हर, म्हणजे मोठ्या वयाची तरुण मंडळी.

उन्हाळ्यात फलाटावर जलसेवा असते. खानदेशातलं मे महिन्यातलं ऊन ज्याने पाहिलंय त्याला जास्त सांगायला नको. लोखंडी बाकावर टेकता येत नाही. गाडी थांबते काही मिनिटं, तेवढ्यात जनरलच्या डब्याकडे धावायचं, कारण नळापर्यंत उतरून जायची सोय त्यांनाच नसते. उतरला तर जागा गेली. खिडकीच्या गजांतून हात येतात, हातात बाटल्या. बाटली आत घेत बसलात तर गाडी सुटते, म्हणून एकाने नरसाळं धरायचं, दुसऱ्याने जग ओतायचा, तिसरा मागून भरलेला जग पुढे सारतो. गाडी हलली की हात मागे, मग कोणी कितीही ओरडो. हा एकच हुकूम मी शिट्टीने देतो, बाकी सगळं पोरांचं. कोण कुठल्या डब्याशी उभं राहणार, थंड रांजण कोणाकडे, आदल्या संध्याकाळी तेच ठरवतात. मोठ्या माणसांनी आखणी केली होती तेव्हा एसी डब्यासमोर दोन जण उभे असायचे, बंद काचांपुढे! फोटो छान आले असतील.

पाणी दिल्यावर कोणी पैसे पुढे केले तर घ्यायचे नाहीत. एका म्हाताऱ्याने मग पोराच्या हातात आंबा कोंबला आणि गाडी सुटली. आंबा घ्यावा की नाही यावर संध्याकाळी संघनायकांची सभा बसली, तासभर चालली. आंबा तोवर एकाने खाल्ला होता.

टेम्सकाठची

लंडनजवळ बीव्हर्स घेते, म्हणजे सहा ते आठ वर्षांची पिल्लं. इथे मुलांची नावं प्रतीक्षायादीत पडून असतात ती जागा नाही म्हणून नव्हे, मोठी माणसं मिळत नाहीत म्हणून. मी लेकाचं नाव घालायला गेले तर बाई म्हणाल्या, "तुम्ही येताय का? मग दोघंही या." पोलिसी पडताळणी झाली, प्रशिक्षण झालं, तेव्हापासून अडकले ती अडकलेच. पावसात चिखलाने माखलेली वीस बुटं धुणं हे माझं मुख्य काम. १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी वीस मुलांना घेऊन ब्राउनसी बेटावर पहिलं शिबीर भरवलं, त्यांचे बूट कोणी धुतले होते देव जाणे.

पुणे ६

थोडक्यात. संगम या गर्ल गाईडच्या जागतिक केंद्रात मदतीला जाते. १९६६ पासून ते पुण्यात आहे आणि अजून कित्येक पुणेकरांना ठाऊक नाही. देशोदेशीच्या गाईड येतात. त्यांना बाजारात भाजी घ्यायला पाठवायचं आणि आपण मागे राहायचं, हे माझं काम. भाजीवाल्या मावशी खुणांनी असा भाव करतात की दुभाषी नकोच. कोणाची मुलगी पुण्यात असेल तर नक्की दाखवा.

नवी मॅडम

मी जूनमध्ये लातूर जिल्ह्यातल्या शाळेत लागले आणि पहिल्याच बैठकीत गाईड पथक माझ्या गळ्यात. बेसिक कोर्स अजून झालेला नाही, तारीख आली नाही. गाठी मला येत नाहीत. मागच्या बाईंनी सोडलेल्या कपाटात सहा स्कार्फ, एक शिट्टी आणि उंदराने कुरतडलेला झेंडा आहे. सुरुवात कुठून करू?

तंबूवाली

मुलींपासून. संघ पाडा, नायिका त्यांना निवडू द्या, आणि त्यांच्यापैकी कोणाला काय येतं ते विचारा. झाडाची नावं, पोहणं, सायकलचं पंक्चर, काहीतरी येतंच. कोर्सची तारीख जिल्हा संघटकांकडे फोन करून विचारत राहा, चिठ्ठीची वाट बघू नका. झेंडा आधी नवा घ्या.

खडूवाले सर

आणि दोरी. नायलॉनची घेऊ नका, स्वस्त पडते पण गुळगुळीत असल्यामुळे नवशिक्याची गाठ सुटते. सुती घ्या, करंगळीएवढी जाड, प्रत्येक मुलीला तिच्या दोन वावांएवढी. टोकं दोऱ्याने बांधून घ्या, नाहीतर आठवड्यात उसवतात.

नवी मॅडम

धन्यवाद. वाव म्हणजे दोन्ही हात पसरून जेवढं होतं तेवढं ना? मग पाचवीच्या आणि नववीच्या मुलींची दोरी वेगवेगळी घ्यावी लागेल. दुकानदाराला कसं सांगू?

खडूवाले सर

पूर्ण गुंडी आणा. मोजून मुलीच कापतील.