अनुभव धागा : बातमीचे पाकीट

वहीवाली
माळ्यावरची पेटी आवरताना वडिलांची वही हाती लागली, म्हणून हा धागा. ते तालुक्याचे वार्ताहर होते. दुपारी बातम्या लिहून, पाकिटावर लाल शाईने ‘तातडीचे’ असे लिहून ते साडेचारच्या एसटीच्या कंडक्टरकडे देत, आणि सोमवारची सभा बुधवारच्या अंकात येई. वहीत प्रत्येक निधनवार्तेपुढे दोन नावे आहेत. ज्यांच्याकडून खात्री करून घेतली, त्यांची. गेल्या महिन्यात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या मामांना श्रद्धांजली वाहिली जात होती, तेव्हा मामा अंगणात शेंगा फोडत बसले होते.

सासूरवाशीण
मामांना शतायुष्य लाभो! मार्च 2020 च्या अखेरीस मुंबईत काही दिवस अंक छापलेच गेले नाहीत, तेव्हा सासऱ्यांना पीडीएफ उघडून दिली. बातम्या त्यांनी वाचल्या, पण शब्दकोडे सोडवायचे कशावर, म्हणून रुसून बसले. पेपर पुढे पुन्हा सुरू केलाच नाही. रद्दीवाला मात्र अजून चौकशी करतो.

माणदेशी
मी आजही वार्ताहर आहे. मानधनात पेट्रोलही भागत नाही, आणि पंधरा ऑगस्टच्या जाहिराती गोळा करण्याचे काम सुटलेले नाही. म्हणून स्वतःचे यूट्यूब चॅनेल काढले. ग्रामसभेत पाणीपट्टीवर दोन तास झालेला वाद मी पूर्ण दाखवला, तो माझ्या मेव्हण्याखेरीज फारसा कोणी पाहिला नाही. बैलगाडा शर्यतीच्या दोन मिनिटांवर मात्र महिन्याचा रिचार्ज निघाला.

साक्रीकर
आमच्या तालुक्यातील राईनपाड्यात 1 जुलै 2018 रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. अफवेची एक चित्रफीत त्याआधी माझ्याकडेही आली होती, आणि ‘मुलांना जपा’ असे लिहून मी ती बहिणीला पाठवली होती. ती खरी आहे का, हे विचारायला कोणाला फोन करावा, असे तेव्हा मनातही आले नाही.

दूरदेशी
@साक्रीकर, तुम्ही हे लिहिलेत याचे मोल मोठे आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आईवडील सांगलीत अडकले होते आणि मी बर्लिनमध्ये. वाहिन्या पुराची तीच ती दृश्ये दाखवत होत्या. आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी आणि बोट कोणत्या गल्लीपर्यंत पोहोचली, हे मला कळले ते शाळेच्या जुन्या वर्गाच्या ग्रुपवरून. तिथे एक मैत्रीण गच्चीवरून दर तासाला लिहीत असे, आणि ऐकीव असेल तर ‘ऐकीव’ असे आवर्जून नमूद करत असे.

माणदेशी
तिला आमच्याकडे उपसंपादक म्हणून पाठवा. मानधनाचे विचारू नका.

सासूरवाशीण
पण मामांचे पुढे काय झाले?

वहीवाली
त्यांनी स्वतःच ग्रुपवर ‘सर्वांचे आभार, मी घरीच आहे’ असे लिहिले. त्याखाली आणखी तिघांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकली.