साडेपाच वर्षांचा मुलगा: अबॅकस लावू की मैदानावर सोडू? (सोलापूर)

होटगीरोडची_आई:
मुलगा वर्गात एका जागी बसत नाही, बाईंचं सांगून व्हायच्या आत उठतो, असं शाळेतून दोनदा कळवलं. शेजारणीने अबॅकसचा क्लास सुचवलाय. सासूबाई म्हणतात, हुंदडू दे त्याला. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, उन्हामुळे दुपारी बाहेर सोडता येत नाही, संध्याकाळचा एकच तास हातात असतो. खेळून डोकं खरंच चालतं का, की पोरं नुसती दमून झोपतात?

खोखोवाला_दादा:
ताई, तो तास मैदानाला द्या. मी लहान पोरांचा खो-खो घेतो. आठ जण ओळीत बसतात, एकाआड एक उलट तोंडं करून. पळणारा अगदी नाकासमोरून गेला तरी खो मिळेपर्यंत उठायचं नाही. मिळाला की लगेच उठायचं, दिशा धरायची, आणि खांबापर्यंत ती मोडायची नाही. उठावंसं वाटत असताना थांबणं, हेच तर तुमच्या मुलाला वर्गात जड जातंय ना? या वयाला आधी लंगडी, डोंगर-पाणी, स्टॅच्यू पुरे. होम मैदानावर या की एकदा. फक्त जानेवारीत तिथे गड्ड्याची जत्रा असते, तेव्हा जागा मिळत नाही.

फिजिओ_जुळे_सोलापूर:
दादांचं बरोबर आहे. तोल आणि हालचाल सांभाळणारा लहान मेंदू आणि लक्ष, संयम, नियोजन बघणारा कपाळामागचा भाग एकमेकांशी जोडलेले आहेत. अवघड, नवीन काही करताना दोन्ही एकत्र कामाला लागतात. म्हणून ट्रेडमिलसारखं नुसतं धावण्यापेक्षा, नियम लक्षात ठेवून ऐन वेळी बेत बदलायला लावणारा खेळ मला जास्त मोलाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे. तुमचा तास बरोबर तेवढाच भरतो.

पण खेळायला लागला म्हणजे मार्क वाढतील, असं त्याच्यावर लादू नका. आणि एक विचारते: तो सारखा धडपडतो का? बटण लावणं, जिना उतरणं, चेंडू झेलणं बरोबरीच्या मुलांपेक्षा फारच कठीण जातं का? शंभरात साधारण पाच-सहा मुलांना हालचालींच्या समन्वयाची अडचण असते आणि ती आळस किंवा खोडकरपणा समजली जाते. तसं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

पूर्वभाग_बालवाडीताई:
पावसाच्या दिवसांत घरात सागरगोटे द्या. गोटा वर असताना खालचे किती उचलायचे, हे हात आणि डोकं मिळूनच ठरवतात. आमच्याकडे पेन्सिल नीट धरता न येणाऱ्या मुलींना मी आधी तेच देते.

होटगीरोडची_आई:
बटणं लावतो, जिनाही पटापट उतरतो. काल पार्किंगमध्ये चार पोरं जमवून डोंगर-पाणी खेळवलं. पहिल्या पाच डावांत हाच बाद झाला आणि रडला. सहाव्या डावात मी पुन्हा 'डोंगर'च म्हणाल्यावर पाय उचलता उचलता थांबला. दादा, रविवारी सकाळी किती वाजता येऊ?