कादंबरीचा पहिला खर्डा: न थांबता संपवावा की सुधारत पुढे जावं?

गोदाकाठ:
पहिला खर्डा शेवटपर्यंत लिहून संपवायचा, मधेच मागं जाऊन सुधारत बसायचं नाही, हे माझं ठाम मत. नाशिकात सावानात (सार्वजनिक वाचनालयात), कुसुमाग्रज स्मारकात कादंबरी लिहायला घेतलेले कितीतरी जण भेटतात. बहुतेकांचं पहिलं प्रकरण सुरेख असतं, चौथं नसतंच. अमेरिकेत १९९९ साली सुरू झालेल्या नॅनोरायमो या कादंबरीलेखनाच्या उपक्रमात महिन्याभरात ५०,००० शब्द लिहायचे असत, म्हणजे रोज साधारण १,६६७. उपक्रम २०२५ मध्ये बंद झाला, पण ती शिस्त मला आजही पटते. शेवटच ठाऊक नसेल तर सुरुवात सुधारायची कशाच्या आधारावर?

निफाडकर:
साफ नापसंत. समजा, तिसऱ्या प्रकरणात थोरला भाऊ द्राक्षबाग विकतो. अकराव्यात तुमच्या लक्षात येतं की सातबारा आईच्या नावावर आहे. म्हणजे खरेदीखतावर सही आईची. तिला निबंधक कार्यालयात कोणी नेलं? सही केली की अंगठा उठवला? धाकट्याला सांगितलं का? इथं कादंबरीच बदलते. तरी पुढंच लिहिणार?

गोदाकाठ:
हो. समासात ‘बाग आईची, सही तिची’ एवढं टिपायचं आणि बाराव्यापासून तिनं सही केलीय असं धरून चालायचं. का केली, ते पुढं लिहितानाच उमगेल. तिसरं आत्ता दुरुस्त केलंत तर अंदाजानं कराल आणि पुन्हा मोडाल.

सिडकोवाली:
मी निफाडकरांच्या बाजूची, पण भाषेसाठी. पिंपळगावची म्हातारी एकदा पुस्तकी बोलायला लागली की ती वागतेही पुस्तकीच. नंतर नुसते शब्द बदलून ते निघत नाही. मी आदल्या दिवसाची पानं मोठ्यानं वाचते, जीभ अडखळेल तिथं दुरुस्त करते, मगच पुढं जाते.

गोदाकाठ:
आदल्या दिवसाची पानं ठीक. त्यामागं नाही.

निफाडकर:
द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी बिघडली तर ऑक्टोबरला कितीही नीट छाटा, घड कमीच. घड देणारी काडी एप्रिलनंतरच घडते. मी अकरावं थांबवून तिसरं नव्यानं लिहीन. चार ते दहा पडली तर पडू देत.

सिडकोवाली:
तिसरं लिहा, पण चार ते दहा फाडू नका हो. सही आईची हे कळल्यावर त्यातलं तिचं गप्प बसणं वेगळंच वाटेल. तेवढं तरी जपून ठेवा.