डोक्याच्या कातडीला वास येतो म्हणे??

कंगवाधारी:
कुठेतरी वाचलं की टाळूच्या कातडीत नाकात असतात तसे वासाचे रिसेप्टर असतात आणि चंदनाच्या वासाने केस वाढतात. खरंय का कायच्या काय? कंगव्यात रोज पुंजका निघतोय म्हणून विचारतोय. तीन आठवडे चंदनाचं तेल चोळतोय, उशीला मस्त वास येतोय, बाकी काही नाही.

पेशीवेडी:
अर्धं खरं. वास "येत" नाही हो कातडीला, रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं कुलूप समजा, ठरावीक रेणू आला की उघडतं. नाकात उघडलं की मेंदूला निरोप जातो, कातडीत उघडलं तर ती पेशीच आपलं काहीतरी करते, मेंदूला पत्ताही नसतो. आधी नाकात सापडले म्हणून वासाचे म्हणायचे, नंतर शुक्राणूत, किडनीत पण निघाले. केसाच्या मुळाला जे बाहेरचं आवरण असतं त्यात ओआर२एटी४ नावाचा एक आहे, २०१८ ला नेचर कम्युनिकेशन्समध्ये त्यावर पेपर आला. माणसाच्या टाळूचे तुकडे बशीत जिवंत ठेवून त्यावर सँडलोर नावाचं चंदनाच्या वासाचं रसायन टाकलं तर केस वाढीच्या टप्प्यात जास्त टिकले, मुळातल्या पेशी कमी मेल्या आणि आयजीएफ-१ हे वाढीचं द्रव्य वाढलं. उलट रिसेप्टर अडवणारं फेनिरॅट टाकलं की सँडलोरचा परिणाम गायब. मला तर हाच भाग सगळ्यात पटला, नुसतं वाढलं म्हणण्यापेक्षा.

कंगवाधारी:
म्हणजे तेल चालू ठेवू ना?

पेशीवेडी:
अहो नाही, तिथेच तर गोम आहे! सँडलोर हे कारखान्यात बनवलेलं, परफ्युम-साबणात घालतात ते. वास चंदनाचा पण रेणू वेगळा, खऱ्या चंदनाच्या तेलाने हा रिसेप्टर जागा होत नाही. नाकाला सारखं वाटतं म्हणून कुलपालाही सारखं वाटेल असं नसतं.

शंकासुर:
आणि बशीतले केस म्हणजे डोकं नव्हे. शिवाय असलेला केस जास्त दिवस टिकणं वेगळं, टकलावर नवीन उगवणं वेगळं, जाहिरातवाले मुद्दाम गल्लत करतात. पुंजके निघत असतील तर आधी स्किनच्या डॉक्टरला दाखवा, थायरॉइड, लोह बघून घ्या. रोज ५०-१०० केस गळणं तसं नॉर्मलच आहे.

आळशीबोका:
सर्दीने नाक चोंदलं असेल तर केस वाढायचे थांबतात का मग 😄

पेशीवेडी:
बशीतल्या तुकड्यांना कुठे नाक होतं?