आधी टेस्ट की आधी लस-नसबंदी? मांजरांच्या वर्गणीवरून वाद

इंदिरानगरची माऊवाली
आमच्या नाशिकच्या मांजरवाल्या ग्रुपवर थोडी वर्गणी जमलीय आणि ती कशावर खर्चायची यावरून जुंपलीय. माझं मत ठाम आहे. रस्त्यावरून उचललेलं मांजर दत्तक देण्याआधी एफआयव्ही (मांजराची प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू) आणि ल्युकेमिया (म्हणजे इथे मांजरांचा ल्युकेमिया विषाणू) या दोन्हींची एकत्र, कॉम्बो टेस्ट झालीच पाहिजे. रक्ताचे दोन-तीन थेंब लागतात, दहा-पंधरा मिनिटांत निकाल हातात.

आपण प्रत्येक आजार सुटा बघतो, तिथेच फसतो. आमच्या पार्किंगमधला पिवळा बोका बघा. हनुवटीखालचे केस लाळेने चिकटलेले. वाटीपाशी येतो, वास घेतो, एक घास उचलतो आणि लगेच फिस्कारून पंजाने स्वतःचंच तोंड ओरबाडतो. भूक आहे, पण खाववत नाही. सगळे म्हणतात, "तोंड आलंय, होईल बरं." कॅलिसी विषाणूने तोंडात फोड येतात हे खरं. पण धडधाकट मांजर त्यातून सहसा उठतं. तेच आतून एफआयव्हीने प्रतिकारशक्ती पोखरलेली असेल तर कॅलिसी जास्त छळतो आणि ते मांजर जास्त दिवस इतरांना तो वाटत फिरतं. त्यात ल्युकेमियाही असेल तर बघायलाच नको. ल्युकेमिया आधीपासून असलेल्या मांजरात एफआयव्ही जास्त जोर धरतो, हे १९९० च्या सुमारासच प्रयोगांत दिसलंय. असं मांजर कुणाच्या घरी इतर मांजरांत सोडायचं?

सिडकोचा बोकेभाऊ
ताई, मुद्दा बरोबर, पण हिशेब चुकतोय. उन्हाळ्यात पिल्लांचा पूर येतो तेव्हा ती एफआयव्हीने मरत नाहीत, पॅनल्युकोपेनिया या झपाट्याने पसरणाऱ्या विषाणूच्या आजाराने मरतात. सकाळी खेळणारं पिल्लू संध्याकाळी पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलेलं असतं, आणि एकापाठोपाठ अख्खं वेत जातं. यावर लस आहे आणि चांगली चालते. ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करायची, मग ३-४ आठवड्यांच्या अंतराने १६ आठवड्यांपर्यंत. टेस्टने एकही पिल्लू वाचत नाही, फक्त कळतं.

आणि एफआयव्ही पसरतो मुख्यतः चावण्यातून. बोक्यांची नसबंदी करा, मारामाऱ्या आपोआप कमी होतात. वर्गणीतून पिंजरा, नसबंदी, ट्रायकॅट लस. बास.

कांदाचाळवाला
आमच्या चाळीवर पाच-सहा मांजरं आहेत. उंदीर धरतात, दूध पितात, मजेत आहेत. ह्या टेस्टा शहरात करा.

इंदिरानगरची माऊवाली
@कांदाचाळवाला दादा, मांजरं उंदरांसाठी का ठेवलेली असेनात, निदान त्यांना रेबीजची लस तरी टोचून घ्या.
@बोकेभाऊ तुमच्या ट्रायकॅटमध्ये पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी, तीनच. एफआयव्ही आणि ल्युकेमिया त्यात नाहीत. आणि ल्युकेमियाला मारामारी लागत नाही. एकमेकांना चाटणं, एकाच वाटीत खाणं, आईकडून पिल्लांना, असा तो प्रेमाप्रेमात पसरतो. तिथे नसबंदी काय करणार?

दवाखान्यातली ताई (मदतनीस आहे, डॉक्टर नाही)
टेस्टच्या बाजूने आहे, पण टेस्टच्या नावाखाली जे चालतं त्याच्या विरोधात. पट्टीवर रेघ उमटली की लोक विचारतात, "मग कायमचं झोपवायचं का?" अहो, ल्युकेमियाच्या टेस्टमध्ये विषाणूचं प्रथिन सापडतं, एफआयव्हीच्या टेस्टमध्ये प्रतिपिंडं. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लात ही प्रतिपिंडं आईच्या दुधातून आलेली असू शकतात, पिल्लाला स्वतःला काहीच झालेलं नसतं. म्हणून नंतर पुन्हा टेस्ट. ल्युकेमियातही एका निकालावर जाऊ नका, काही मांजरं विषाणूला दाबून टाकतात.

एफआयव्ही १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात पेडरसन आणि यामामोटो यांनी शोधला. तो काळ एड्सच्या धास्तीचा, त्यामुळे 'मांजराचा एड्स' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. तो माणसाला होत नाही. एफआयव्हीवाली मांजरं घरात नीट सांभाळली तर वर्षानुवर्षं जगतात. ल्युकेमिया जास्त वाईट. रक्तात कायम राहिला तर बरीचशी मांजरं तीनेक वर्षांत जातात.

सिडकोचा बोकेभाऊ
म्हणजे माझंच म्हणणं झालं! पिल्लाची टेस्ट करा, परत करा, तोवर ते ठेवायचं कुठे? एकदा 'पॉझिटिव्ह' शब्द ग्रुपवर पडला की त्या पिल्लाला कुणी हात लावत नाही. मग निकाल खोटा का निघेना.

भद्रकालीतली काकू
वाद चालू द्या, पण मला एक सांगा. वाड्यात पिल्लू पॅनल्युकोने गेलं. ओटी फिनाईलने तीनदा धुतली. आता दुसरं आणू का?

दवाखान्यातली ताई
काकू, फिनाईल आधी बंद करा, मांजराच्या यकृताला ते झेपत नाही आणि हा विषाणू त्याने मरेल याचा भरवसाही नाही. तो वर्षभर चिकटून राहू शकतो. आधी साबणाने घाण काढा, मग ब्लीच पाण्यात, साधारण एकास बत्तीस, दहा मिनिटं ओलं राहू द्या, नंतर साध्या पाण्याने धुवा. गोधडी, वाटी टाकून द्या. नवं पिल्लू लस पूर्ण झाल्यावरच. सॅनिटायझरवरही विसंबू नका, पॅनल्युको आणि कॅलिसी दोन्ही त्याला दाद देत नाहीत. उलट एफआयव्ही आणि ल्युकेमिया इतके नाजूक की वाळले की संपले.

इंदिरानगरची माऊवाली
भाऊ, कुणी हात लावत नाही म्हणून लपवायचं? ज्याच्या घरी आधीच तीन मांजरं आहेत त्याला न सांगता चौथं द्यायचं, ही फसवणूक आहे. एफआयव्हीवालं मांजर भांडकुदळ नसेल, नसबंदी झालेली असेल, तर एकत्र राहूही शकतं. पण ते ठरवायचा हक्क मांजर घेणाऱ्याचा. आपण परस्पर ठरवायचं नाही.

सिडकोचा बोकेभाऊ
लपवा म्हटलेलंच नाही. टेस्ट झालेली नाही, एवढं स्पष्ट लिहून द्या. ज्याच्या घरी आधीची मांजरं आहेत त्याने टेस्टचे पैसे स्वतः भरावेत, तोवर वेगळ्या खोलीत ठेवावं. वर्गणी नसबंदीला आणि लसीला.

इंदिरानगरची माऊवाली
आणि ज्याच्या घरी आज एकही मांजर नाही, तो विनाटेस्ट घेऊन जाईल. सहा महिन्यांनी त्याच माणसाचा मेसेज येतो, "हिला जोडीदार हवाय." तेव्हा टेस्टचे पैसे कोण भरणार, ते आत्ताच ठरवा.