नेव्हिल डिसूझा: थोर सेंटर फॉरवर्ड, की एका सामन्याचा हिरो?

कूपरेजकट्टा:
जुन्या भारतीय फुटबॉलची चर्चा निघाली की गाडी चुनी गोस्वामी, पीके बॅनर्जी यांच्यावरच थांबते. गोव्यातल्या आसगावात जन्मलेला, मुंबईत टाटांकडून खेळलेला नेव्हिल डिसूझा मुंबईकरांनाही आठवत नाही. १ डिसेंबर १९५६, मेलबर्न ऑलिंपिक. यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ हरवलं, त्यातले तीन गोल याचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा पहिला आशियाई. स्पर्धेत एकूण चार, म्हणजे सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक. माझ्या मते त्या काळचा आपला सर्वोत्तम सेंटर फॉरवर्ड, म्हणजे आघाडीला मधोमध खेळणारा, तोच. पटत नसेल त्यांनी खुशाल भांडावं.

आकडेमोड्या:
भांडतो. भारत त्या स्पर्धेत सामने खेळला किती? तीन! हंगेरीने माघार घेतली म्हणून पहिली फेरी फुकटात पार. एक सामना जिंकून थेट सेमीफायनल. पुढे युगोस्लाव्हियाकडून १-४, कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाकडून ०-३. पीकेचं बघा: रोम १९६० ला कर्णधार, बलाढ्य फ्रान्सला १-१ रोखलं तेव्हा गोल त्याचाच, १९६२ ला जकार्ता एशियाडचं सुवर्ण. याला म्हणतात आंतरराष्ट्रीय कारकीर्द. नेव्हिल रोमच्या संघातही नव्हता.

कूपरेजकट्टा:
१-४ एवढं लिहून मोकळे झालात. चार वर्षं आधी हेलसिंकीत याच युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ धुतलं होतं. आपले बरेचसे खेळाडू तेव्हा अनवाणी! मेलबर्नला मध्यंतरापर्यंत ०-० आणि नंतर पहिला गोल आपला. कोणाचा? नेव्हिलचा. थोडा वेळ का होईना, आपण ऑलिंपिक फायनलच्या वाटेवर होतो. तो संघ पुढे रौप्यपदक घेऊन गेला, कुणी सोमेगोमे नव्हते. शिवाय पीके विंगर, म्हणजे कडेने खेळणारा, त्याची तुलना इथे कशाला?

मांडवीकाठ:
मधेच बोलते. तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता, हे विसरू नका. पोटासाठी मुंबई गाठायची, गावाच्या कुडात, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक बिऱ्हाडात राहायचं, खेळ बरा असेल तर एखाद्या कंपनीच्या टीममध्ये नोकरी बघायची, ही गोव्याच्या कित्येक पोरांची वाट होती. कोलकात्यात फुटबॉलवर रकानेच्या रकाने छापून यायचे, मुंबईत ते भाग्य क्रिकेटचं. फुटबॉलमधला पहिला अर्जुन पुरस्कार १९६१ ला पीकेला मिळाला, योग्यच होतं. पण नेव्हिल १९८० साली गेला, तोवर त्याला द्यावासा कुणालाच वाटला नाही?

आकडेमोड्या:
ताई, अन्याय झाला हे मान्य. पण अन्याय झाला म्हणून माणूस आपोआप सर्वोत्तम ठरत नाही. विंगर नको तर नको, सेंटर फॉरवर्डच घ्या. मेवालाल कुठे गेला? १९५१ चं दिल्ली एशियाड, फायनलला समोर इराण, सामन्यातला एकमेव गोल त्याचा. सुवर्ण आणलंय त्याने, चौथा नंबर नाही.

कूपरेजकट्टा:
मेवालालचा वेगळा धागा काढा, तिथेही येतो भांडायला. पण ऑलिंपिकमधली हॅट्‌ट्रिक त्याच्या नावावर दाखवा आधी.